लाल दोऱ्याची पुडी

"फुगली! गो बाय, फुगली बघ!"

हॉलभर बायका उठून उभ्या राहिल्या. मागच्यांना दिसेना म्हणून त्या खुर्च्यांवर चढल्या, पुढच्या एकमेकींचे खांदे धरून वाकल्या. स्टेजवर चौरंग, चौरंगावर भगवं रेशमी कापड आणि कापडाखाली वीतभर लांबीची एक पारदर्शक पिशवी. आपण पापड नि आमसुलं भरून ठेवतो ना, तसलीच. आत मूठभर तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी नि चार चमचे लाल तीर्थ. तोंड पक्कं बंद. आरतीची दोन कडवी होईपर्यंत कापड सपाट होतं. तिसऱ्या कडव्याला ते मधोमध हळूहळू वर आलं, खाली कुणी निजलेलं जागं होत असावं तसं. माउलींनी कापड ओढलं. पिशवी टम्म फुगली होती आणि आतलं लालचुटुक तीर्थ काळंनिळं पडलं होतं.

ती पिशवी माझी होती.

मांडवीच्या नाक्याजवळच्या त्या हॉलमध्ये आषाढापासून दर शुक्रवारी हा कार्यक्रम चालायचा. प्राणेश्वरी माउली घाटावरून आल्या होत्या. गोऱ्या, पन्नाशीच्या, आवाज असा की माइक नसता तरी समुद्रापर्यंत गेला असता. अंगावर पायघोळ भगवी शाल, ती श्रावणातल्या उकाड्यातही कधी उतरत नसे. त्यांच्या विधीचं नाव होतं प्राणबंध.

"बायांनो," त्या म्हणायच्या, "तुम्ही पिशवी मेणबत्तीवर बंद करता, यंत्रावर बंद करता. मी बंद करते श्वासावर! विज्ञान आज ज्याला व्हॅक्यूम म्हणतं, त्याला आपले ऋषी प्राणाकर्षण म्हणत होते. पिशवी म्हणजे काय? घर! तांदूळ म्हणजे काय? घरातली माणसं! ज्या घरात सगळं शुद्ध, ती पिशवी अंगाला बिलगते. ज्या घरात बाधा, तिथे ती बाधा श्वास घेते. आणि श्वास घेतला की फुगते!"

पद्धत ठरलेली होती. आपण घरून पिशवी, तांदूळ, हळकुंड, सुपारी न्यायची. स्टेजवर त्यात विभूतीची कागदी पुडी टाकली जायची. तांब्यातलं लाल तीर्थ चार चमचे ओतलं जायचं. "हे प्यायचं नाही हं," माउली बजावायच्या, "हे घराचं रक्त आहे." मग त्या पिशवी चपटी करून शालीखाली घ्यायच्या, मंत्र पुटपुटायच्या आणि दोन मिनिटांनी बाहेर काढायच्या तेव्हा तिचं तोंड बंद झालेलं असायचं. ना मेणबत्ती, ना काडी. बायका टाळ्या वाजवायच्या. मग पिशवी दोनदा गदागदा हलवून भगव्या कापडाखाली जायची आणि आरती सुरू व्हायची.

बहुतेक पिशव्या चपट्याच राहत. त्या बायका डोळे पुसत घरी जात. एखाददुसरी फुगायची, आणि अख्ख्या हॉलच्या नजरा त्या बाईवर जायच्या. त्या शुक्रवारी त्या माझ्यावर आल्या.

मी मनिषा. वय अठ्ठावन्न. माझं सगळं आयुष्य नेमांत गेलं, हे मी अभिमानाने नाही, आहे तसं सांगते. पहाटे तुळशीला पाणी, पाच प्रदक्षिणा. चातुर्मासात एकवेळ जेवण आणि रोज तेहतीस गोपद्मं. श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा. उरलेल्या वेळात आमसुलं, कोकमाच्या रसाचं खारट आगळ, आंबापोळी, मेतकूट. पावसाळ्याच्या आधी आगोटीची बेगमी करायची म्हणजे आमच्याकडे पिशव्या बंद करण्याचा मोसमच. कोकणातल्या दमट हवेत उघडा राहिलेला पापड दुसऱ्या दिवशी रुमालासारखा लोंबतो. माझी पद्धत जुनी. करवतीच्या पात्याच्या बोथट कडेवर पिशवीचं तोंड दुमडायचं, कड केसभर बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळून सरसर न्यायची. हात थांबला की भोक, हात घाईत गेला की शिवण कच्ची. गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्याकडेच शिकल्या.

सगुणाही माझ्याकडेच शिकली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. एकतीस वर्षं आम्ही दोघी एकाच तुळशीपाशी बसून गोपद्मं काढत आलो. तिचं अंगण लहान, म्हणून माझ्याच वृंदावनापाशी. ती रांगोळीचा डबा आणायची, मी शिरगोळ्याची पूड चाळून ठेवायची. गोपद्मं काढताना बायका जे बोलतात ते देव्हाऱ्यासमोर बोलल्यासारखंच असतं. ते कुठे जात नाही, असं मी धरून चालले होते.

माउलींची सेवा सगुणाच करत होती. स्टेजवर त्यांच्या उजव्या हाताला बसायची, पुड्यांचं ताट धरायची. मला तीच घेऊन गेली. "काय गो मनिषा, जगभरचे उपास करतेस नि साक्षात माउली दाराशी आली तर येत नाहीस? नेत्राला दिवस गेलेत. एकदा बघून घे."

नेत्रा माझी सून. माहेर दाभोळचं, वडलांच्या होड्या आहेत. शहरातल्या वाचनालयात काम करते. माझा मुलगा केतन मालवाहू बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. नेत्राला पाचवा महिना होता.

आणि आता माझ्या पिशवीकडे बोट दाखवून माउली डोळे मिटून बोलत होत्या, "दिसतंय... मला दिसतंय. या घरात एक दिवा लागला होता. तीन महिने तेवला आणि विझला. आता पुन्हा वात लावली आहे. पण त्या विझल्या दिव्याचा धूर अजून घरात आहे, बाई! तोच या पिशवीत शिरलाय!"

गेल्या वर्षी नेत्राचं पोट तिसऱ्या महिन्यात रिकामं झालं होतं. ती गोष्ट आम्ही तिच्या माहेरीसुद्धा उशिरा कळवली. या बाईला कसं कळलं?

"उपाय, माउली?" सगुणानेच माझ्यासाठी विचारलं.

"ती पोर सकाळी उपाशीपोटी एक बारकी पांढरी गोळी घेते. हो की नाही?"

मी मान हलवली. थायरॉइडची गोळी.

"ती गोळी बाळाचा श्वास कोंडते! गोळ्या पिशवीत बंद करा. देवापुढे ठेवा. सव्वा महिना त्याऐवजी माझा अंगारा. मग पुन्हा पिशवी आणा. बिलगलेली निघेल."

मागून हिराचा आवाज आला. हिरा सुकी मासळी विकते, माझ्याकडून दरवर्षी आमसुलं नेते. "माउली, माझ्या बोंबलांची पिशवी पण परवा फुगली हो! बोंबलाला कसली बाधा?"

दोघीचौघी हसल्या. माउलींनी डोळे न उघडताच सांगितलं, "जी हसते, तिची पिशवी पुढच्या शुक्रवारी."

हसू जागच्या जागी थांबलं.

घरी आले तेव्हा नेत्रा जिवतीच्या कागदाला हार घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने हार अर्धवट ठेवला.

"आई, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मागच्या वेळी काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

"म्हणूनच म्हणते ना. मागच्या वेळी गोळ्या होत्याच की."

"नव्हत्या. मागच्या वेळी माहीतच नव्हतं. नंतर तपासणीत कळलं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती काळी पडलेली पिशवी होती.

"सव्वा महिन्याचाच तर प्रश्न आहे, नेत्रा."

"सव्वा महिन्यात बाळ किती वाढतं, माहितीये?"

मी कुणावर आवाज चढवत नाही, मला ते येत नाही. पण गप्प राहून हट्ट करता येतो, आणि तो ओरडण्यापेक्षा जड असतो, हे मला ठाऊक होतं. मी हात पुढे केला. तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरची, मिठाच्या बरणीशेजारची गोळ्यांची बाटली उचलून माझ्या हातावर ठेवली.

मी मेणबत्ती लावली, पातं घेतलं. माझ्या तीस वर्षांच्या हाताने त्या बाटलीची पिशवी अशी बंद केली की हवासुद्धा शिरू नये. देव्हाऱ्यात ठेवली. शनिवारपासून नेत्राला अंगाऱ्याचं पाणी दिलं. ती ते मुकाट्याने प्यायची, पेला विसळून पालथा घालायची आणि कामाला जायची. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं.

बुधवारी पावसाने उघडीप दिली म्हणून मी साचलेलं धुणं काढलं. शुक्रवारचं सुती लुगडं मी मुद्दाम धुतलं नव्हतं. तीर्थ ओतताना सगुणाचा हात हलला होता आणि चार थेंब माझ्या पदरावर उडाले होते. तीर्थाचा डाग कसा धुवायचा, असं वाटत होतं. पण वास यायला लागला, म्हणून न्हाणीघरातल्या दगडावर पदर पसरला, डागांवर साबणाची वडी घासली.

लाल डाग निळा झाला. मग काळसर.

मी वडी हातात धरून तशीच बसले.

रत्नागिरीत हे कुठल्याही बाईला विचारा. आमसुलाचा डाग पडला नि त्याला साबण लागला की तो काळानिळा पडतो. वैशाखात कोकमं फोडताना आमचे पदर, परकर, हात, सगळं लाल असतं आणि धुण्याच्या दगडावर सगळं निळं होतं. मला लहानपणी माझ्या आईने सांगितलं, मी नेत्राला सांगितलं. इतकं माहीत असलेलं मला शुक्रवारी दिसलं नव्हतं. हॉलमध्ये माझे हात जोडलेले होते आणि डोळे उघडे असून मिटलेले.

मी न धुतलेल्या टोकावरचा एक डाग जिभेला लावला. आंबट, खारट. आगळ! आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली. ज्येष्ठात सगुणा माझ्याकडून आगळाच्या चार बाटल्या घेऊन गेली होती. "माउली येणार आहेत गो, सोलकढी करायला लागेल रोज." मी वर एक बाटली जास्तीची दिली होती, सेवा म्हणून.

मी उठले, हात पुसले. वाटीत आगळ घेतलं, पाणी घातलं. अगदी तेच लाल. पण साबण काही पिशवीत टाकलेला नव्हता. टाकली होती ती विभूतीची पुडी, आणि पुडीत कुठली पांढरी पूड होती ते कुणी पाहिलं? स्वयंपाकघरात पांढरं काय काय असतं? मीठ टाकून पाहिलं. काही नाही. तांदळाची पिठी टाकली. काही नाही. खायचा सोडा चमचाभर टाकला आणि वाटी फसफसून ओट्यावर सांडली. फेस खाली बसला तेव्हा वाटीत काळंनिळं पाणी होतं.

मग मी देव्हाऱ्यासमोर बसले. पिशवीत तांदूळ, हळकुंड, सुपारी. सोडा कागदाच्या पुडीत बांधून टाकला. चार चमचे आगळ. पात्यावर तोंड दुमडून मेणबत्तीवर बंद केली. दोनदा हलवली, लुगड्याच्या टोकाखाली ठेवली. आरती म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत, म्हणून नुसती पाहत राहिले. पुडीचा कागद भिजला, फाटला. लुगडं हळूहळू वर आलं.

बाधा नव्हती. माझ्याच झाडाचं कोकम होतं.

मला आनंद झाला का? लोक विचारतात. नाही झाला. डोक्यात एकच गोष्ट वळवळत होती. आगळ आणि सोडा कळला. पण तीन महिने तेवलेला दिवा? सकाळची बारकी पांढरी गोळी? हे सोड्याने कळत नाही. हे मी एकदाच, एकीलाच सांगितलं होतं. तुळशीपाशी. गोपद्मं काढता काढता.

आणि पुड्यांचं ताट कोण धरतं?

मी डोळे मिटून शुक्रवार पुन्हा पाहिला. ताटात पुड्या दोन तऱ्हेच्या होत्या. काहींना पिवळा दोरा, काहींना लाल. माझ्या आधीच्या चार बायकांना पिवळ्या दोऱ्याच्या मिळाल्या. माझ्या पिशवीत सगुणाने स्वतःच्या हाताने टाकली ती लाल दोऱ्याची.

संध्याकाळी नेत्रा आली. मी देव्हाऱ्यातली गोळ्यांची पिशवी काढून तिच्या हातात दिली. "उद्यापासून घे. मी चुकले." तिने पिशवी घेतली, "बरं आई," म्हणाली आणि खोलीत गेली. मला वाटलं होतं ती रडेल, रागावेल, निदान का म्हणून विचारेल.

पुढच्या शुक्रवारी मी हॉलमध्ये लवकर गेले. हातातल्या कापडी पिशवीत आगळाची बाटली, मेणबत्ती, पातं, दोन वाट्या. हिरा माझ्याशेजारी बसली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. "आज माझी पिशवी हाय," ती कानात म्हणाली. "फुगली तर फुगली. माझा नवरा तर म्हणतो, बाधा तूच हायस, पिशवी कशाला पाहिजे!" पण तिचे हात गार होते, ते मला कळलं.

हिराचं नाव पुकारलं. मी तिच्याबरोबर उठले आणि स्टेजवर गेले.

"तुमची पाळी नाही, बाई," माउली म्हणाल्या. "अंगारा सुरू आहे ना?"

"हो. एक विनंती होती. हिराची पुडी आज तिचीच तिला उचलू द्या."

सगुणाने ताट छातीशी धरलं.

"पुडी देवी निवडते!" माउली गरजल्या.

"मग देवीला निवडू दे की," हिरा म्हणाली. "सगुणाबाई कशाला निवडते?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सगुणा माझ्याकडे बघत नव्हती. मी ताटावर हात ठेवला. एकतीस वर्षांत मी तिच्या हातातून कधी काही ओढलं नव्हतं. तेव्हाही ओढलं नाही. नुसता हात ठेवला, आणि तिची बोटं आपोआप सुटली.

मी दोन पुड्या उचलल्या. एक पिवळ्या दोऱ्याची, एक लाल. चौरंगावर दोन वाट्या मांडल्या, दोन्हीत माझं आगळ ओतलं.

"हे माझ्या घरचं आगळ आहे," मी सांगितलं. माझा आवाज मागे पोचेना. हिराने माइकच उचलून माझ्या तोंडाशी धरला. "माउलींचं तीर्थसुद्धा हेच आहे. ही पिवळी पुडी." मी सोडली. राखाडी राख आगळावर तरंगत राहिली. "आणि ही लाल."

वाटीतून फेस उसळला आणि चौरंगाच्या रेशमी कापडावर वाहिला. जिथे वाहिला तिथे निळा डाग पडला.

"बायांनो, हे काय ते तुम्हाला सांगायला हवं का? आंबटात खायचा सोडा पडला की वायू सुटतो. ढोकळ्यात सुटतो तोच. बंद पिशवीत तो जाणार कुठे? पिशवी फुगणार. आणि आमसुलाच्या रंगाला सोडा लागला की काय होतं, ते आपण दर वर्षी धुण्याच्या दगडावर बघतो."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. "अगो बाई, खरंच की."

"पाखंडी!" माउली ओरडल्या. "सोडा म्हणे! आणि हा बंध? माझ्या श्वासाचा बंध? तोही ढोकळ्यातला का?"

"त्याला वास येतो," मी म्हणाले. "इतका धूप जाळता तरी येतो. मी तीस वर्षं प्लास्टिक जाळतेय, माउली. जळक्या कडेचा वास मला झोपेतही ओळखता येईल. तुमच्या शालीखाली काहीतरी गरम आहे."

"स्त्रीच्या अंगावरच्या वस्त्राला हात..."

"मी नाही लावत हात," मी म्हणाले. "तुम्हीच शाल काढा. श्रावणात उकडतंय."

माउलींनी शाल दोन्ही हातांनी आवळली आणि मागे सरकायला गेल्या, तसं शालीतून काहीतरी स्टेजवर पडून टणकन वाजलं. कागद टाचायच्या यंत्राएवढा पांढरा चिमटा. झाकण उघडून दोन सेल घरंगळत हिराच्या पायाशी आले. हिराने चिमटा उचलून वर धरला.

"अय्या! हे तर माझ्या भाचीकडं हाय! वेफर्सच्या पिशव्या चिकटवते ती ह्याच्यानं!"

"ते... ते देवीचं वाहन आहे," माउली म्हणाल्या.

"सेलवर चालणारं?" हिरा म्हणाली, आणि मग हॉलमध्ये जे हसू फुटलं ते आरतीपेक्षा मोठं होतं.

माउलींची गाडी दहा मिनिटांत निघाली. खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा तीन बायकांनी गाडीच्या काचेला हात लावून तो कपाळाला लावला. एक मला म्हणाली, "सोडा असेल गो. पण तिला तुझ्या घरातलं कळलं ना? ते कसं?"

मला उत्तर माहीत होतं. तिथे सांगावंसं वाटलं नाही.

शनिवारी पहाटे मी तुळशीपाशी होते तेव्हा सगुणा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हातात रांगोळीचा डबा. रोज येते तशीच.

"आत येऊ?"

मी शिरगोळ्याची पूड चाळत राहिले. "आधी सांग. का?"

ती डब्याचं झाकण उघडझाप करायला लागली. "एकतीस वर्षं मी तुझ्या अंगणात बसत आलेय, मनिषा. उद्यापनं तुझी, हळदीकुंकू तुझं, मंडळात नाव तुझं. सगुणा कोण? मनिषाच्या शेजारची. तिथे मला स्टेजवर बसवलं. बायका माझ्या पाया पडायच्या गो."

"तुला ठाऊक होतं? पुड्यांचं?"

"आधी नव्हतं. देवीशपथ नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी कळलं."

"आणि माझी पिशवी कितव्या शुक्रवारी?"

तिने झाकण घट्ट दाबलं. "सहाव्या."

समुद्राचा आवाज येत होता. मी गोपद्माचा पहिला ठिपका टाकला, तो वाकडा पडला.

"त्या म्हणाल्या, तुझी पिशवी फुगली तर सगळं गाव मानेल. तू एवढी नेमधर्माची. तुझ्या घरात निघाली तर मग कुणीच..." ती थांबली. "मला वाटलं नव्हतं गोळ्या बंद करायला सांगतील. मी नुसतं सांगितलं होतं की ती गोळी घेते."

"आणि त्या बोलल्या तेव्हा तू शेजारीच होतीस, सगुणा. मला काय वाटेल ते जाऊ दे. पोरीच्या पोटात बाळ आहे. आणि तू विचारलंस, उपाय काय माउली."

ती रडली. मीही. पण मी कुंपणाचं दार उघडलं नाही. त्या दिवशी तेहतीस गोपद्मं मी एकटीने काढली. आमची मैत्री काही लहान पोरींची नव्हती, की दोन दिवसांत पुन्हा कट्टी सुटेल. अजून सुटलेली नाही.

आत आले तर नेत्रा आवरून बसली होती. मी तिच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले, आणि मेजावर मला माझी पिशवी दिसली. गोळ्यांची. बुधवारी तिच्या हातात दिलेली. शिवण जशीच्या तशी. कुठे कात्री लागली नव्हती.

"नेत्रा! तीन दिवस झाले, तू गोळी..."

"घेतली," ती दारात उभी राहून म्हणाली.

"पण पिशवी तर बंद आहे."

ती खाली बघत म्हणाली, "दुसरी बाटली आणली होती, आई. पहिल्याच दिवशी. वाचनालयात ठेवलीय. सकाळी जाऊन आधी गोळी घेते, तासाभराने डबा खाते. एकही दिवस चुकली नाही."

"आणि अंगारा?"

"न्हाणीघरात ओतत होते. तुमच्यासमोर एकच घोट घ्यायचे. तो तोंडात धरायचे."

मी पलंगावर बसले. बाळ सुखरूप होतं. त्याहून मोठं काय असतं? तरीही ते वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. एका घरात राहून माझ्या सुनेला स्वतःचं औषध माझ्यापासून लपवावं लागलं. सगुणाने मला फसवलं म्हणून मी तीन दिवस जळत होते. नेत्राने जळायचं तर माझ्या नावाने जळायला हवं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकणाऱ्या नव्हता, आई." आवाजात राग नव्हता. नुसती हकिगत सांगितली.

म्हणून मी हे लिहिते आहे. मी नेम सोडलेले नाहीत, सोडणारही नाही. देवाने मला फसवलं नाही. मला फसवलं ते माणसांनी, आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यांनी. माझ्यासारख्या बायकांना माझं एवढंच सांगणं आहे. आपण पिशवी बंद केली की ती बादलीत बुडवून दाबून बघतो ना? बुडबुडा आला की शिवण कच्ची. घरच्या पापडासाठी आपण एवढी खात्री करतो. मग जो माणूस घरच्या माणसाच्या जिवाबद्दल काही सांगतो, त्याचं बोलणं का नाही दाबून बघायचं? त्याला प्रश्न विचारा. पुडी स्वतः उचला. शाल काढायला सांगा. खरं असेल त्याचं प्रश्नाने काही बिघडत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायला जो सांगेल, त्याच्या कपाळावर कितीही गंध असू दे, त्याला दारातूनच परत पाठवा. हात जोडायचे ते देवापुढे जोडा. माणसापुढे डोळे उघडे ठेवा.

त्या दिवशी मी पातं घेतलं आणि माझी ती पक्की शिवण स्वतःच कापली. बाटली पुन्हा फळीवर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी, होती तिथे. नेत्राला काही म्हटलं नाही. रविवार गेला, सोमवार गेला. ती बाटली तशीच. मी रोज पहाटे तुळशीला पाणी घालून आले की आधी तिच्याकडे बघायची.

गुरुवारी आले, तर झाकण उघडं होतं, शेजारी पाण्याचा पेला होता आणि नेत्रा ओट्याशी उभी राहून गोळी जिभेवर ठेवत होती. माझ्यासमोर.